कुणाचं म्हणणं, कुणाच्या शब्दांत

जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीची एखादी मुलगी बी.ए.ला आहे असं धरू. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या वर्गांनाही फील्ड प्रोजेक्ट आला आहे, आणि तिचा मुख्य विषय इंग्रजी असल्यामुळे तिला तो इंग्रजीतच लिहायचा आहे. विषय ठरला गाव आणि पाणी. जायकवाडीचा डावा कालवा, ऊस, मोसंबीच्या बागा, उन्हाळ्यातले टँकर, सगळं तिच्या डोळ्यांदेखतचं. तरीही लिहायला बसल्यावर हात मोबाइलकडे जातो. विकिपीडियाची चार वाक्यं, कुठल्याशा संकेतस्थळावरची लोकसंख्या, मागच्या वर्षीच्या ताईची फाइल, आणि शेवटच्या पानावर 'रेफरन्सेस' या शब्दाखाली एकच ओळ: गूगल डॉट कॉम. सर फाइल चाळतात आणि बजावतात, प्लॅजरिझम दहा टक्क्यांच्या आत ठेव म्हणजे झालं.

हा दहाचा आकडा हवेतून आलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्याला प्रतिबंध या विषयावर विनियम काढले. प्रबंधांतल्या साम्याच्या त्यात चार पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत गेलं तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास मनाई. साठच्या पुढे नोंदणीच रद्द. शिक्षकांनाही सूट नाही: लेखन मागे घ्यावं लागतं, वार्षिक वेतनवाढ रोखली जाते, काही वर्षं मार्गदर्शक होता येत नाही. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, ठरीव समीकरणं हे सगळं मोजणीतून वगळलेलं आहे. योगायोगाने सलग चौदा शब्दांपर्यंत जुळलेले सामान्य शब्दही धरत नाहीत.

खाली उतरता उतरता या नियमाचं भलतंच रूप झालं. मूळ विनियमात दहा टक्के ही शिक्षेची खालची सीमा आहे; वर्गात ती उचलण्याची परवानगी झाली. जणू शंभर पानांतली दहा पानं कुणाचीही घ्यावीत, बोलायचं काम नाही. आणि जे मोजलं जातं ते तरी काय? यंत्र शब्दांचं साम्य मोजतं. आपल्या मुलीने अहवालातला पूर्ण परिच्छेद अवतरणचिन्हांत, पानाच्या आकड्यासह दिला, तरी यंत्राची सेटिंग नीट नसेल तर तो लाल रंगात येईल. उलट तिने एखाद्या मराठी पुस्तकातली तीन पानं बसून इंग्रजीत उतरवली, लेखकाचं नाव कुठेच घेतलं नाही, तर अहवाल बहुधा हिरवागार येईल. मराठवाड्यातल्या इंग्रजी लेखनात सर्वांत सहज होणारी उचल हीच आहे असं माझं मत आहे. ती यंत्राला सहसा सापडत नाही, आणि करणाऱ्याला तर आपण चोरी केली असं वाटतच नाही. त्याने अनुवादाचे कष्ट घेतलेले असतात ना! पण कष्ट भाषेचे होते. विचार, मांडणी, उदाहरणांचा क्रम दुसऱ्याचा. तो दुसरा माणूस पानावर दिसला पाहिजे.

का दिसला पाहिजे, हे शिकवताना आपण बहुतेक वेळा चोरी आणि शिक्षा यांपाशी थांबतो. मूळ लेखकावर अन्याय होतो हे खरंच आहे. पण त्याहून मोठा प्रश्न वाचकाचा आहे, आणि तो समजायला आपल्याच माणसाचं एक ठळक उदाहरण आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने पेटंट कायद्यातल्या दोन मुद्द्यांवर तज्ज्ञगट नेमला होता. 2006 च्या डिसेंबरात त्याचा अहवाल आला. 2007 च्या फेब्रुवारीत उघड झालं की अहवालाच्या निष्कर्षांतला काही भाग शामनाद बशीर या कायदेपंडिताच्या निबंधातून शब्दशः आला आहे आणि तसा उल्लेख नाही. माशेलकरांनी अहवाल मागे घेतला. सुधारित अहवाल 2009 साली दिला गेला. वृत्तपत्रांनी तेव्हा नावावर भर दिला, पण या प्रकरणाचं मर्म मला वेगळीकडे दिसतं. बशीर यांचा निबंध इंग्लंडमधल्या एका बौद्धिक संपदा संस्थेसाठी लिहिला गेला होता आणि त्या कामाला इंटरपॅट या बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या संघटनेचं अर्थसाहाय्य होतं. म्हणून निबंध चुकीचा ठरत नाही. पण औषधांच्या पेटंटांबद्दलचा निष्कर्ष कुठून आला हे ज्या संसदसदस्याला किंवा रुग्णसंघटनेला तपासायचं होतं, त्यांच्यापासून नेमकी तीच वाट बुजली होती. नाव दिलं असतं, तर त्यांना निबंध काढून वाचता आला असता, कुणी करवून घेतला हे पाहता आलं असतं, आणि मग पटवून घ्यायचं की नाही हे ठरवता आलं असतं.

आता असाच एक निबंध पाहू, जिथे वाट बुजलेली नाही. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. तीर्थपुरीच्या मुलीच्या पदवीवर ज्यांचं नाव छापलेलं असेल त्या माणसाचं हे विद्यार्थिदशेतलं इंग्रजी लेखन आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावं. संदर्भ कसे वापरायचे याचा त्याहून चांगला धडा मला इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत सापडलेला नाही.

आंबेडकर आधी चौघांच्या व्याख्या मांडतात: फ्रेंच पंडित सेनार, नेसफिल्ड, सर हर्बर्ट रिस्ले आणि डॉ. केतकर. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, नावासकट. केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून घराघरात माहीत झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचं जातींच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत 1909 साली छापलं गेलं होतं. एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला परदेशात, परक्या भाषेत उद्धृत करतो आहे. मग आंबेडकर एकेकाला तपासायला घेतात. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेला दिलेलं महत्त्व त्यांना पटत नाही. ती जातीची खूण नसून पौरोहित्याशी निगडित बाब आहे असं ते म्हणतात. नेसफिल्ड परिणामालाच कारण समजले. रिस्ले यांच्याकडे खास दखल घ्यावी असं नवं काही नाही, असं सांगून त्यांना एका वाक्यात वाटेला लावलं आहे! केतकरांचं मात्र मोकळेपणाने कौतुक, कारण जात सुटी न पाहता ते व्यवस्थेचा भाग म्हणून पाहतात. आणि लगेच त्यांच्याही व्याख्येत एक गाठ सोडवलेली: जन्माने मिळणारं सभासदत्व आणि बाहेर लग्न करण्यास बंदी अशी दोन लक्षणं केतकर सांगतात, पण ती मुळात एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. इथून आंबेडकरांचा स्वतःचा सिद्धान्त सुरू होतो. पुढे अनुकरणाचा मुद्दा येतो तेव्हा वॉल्टर बॅजट आणि गाब्रिएल तार्द यांची नावं येतात.

या निबंधाचं एखादं पान काढून प्रत्येक वाक्यापुढे 'हे कुणाचं' असं पेन्सिलीने लिहून पाहावं. कुठेही अडायला होत नाही. माझ्या मते संदर्भ नीट दिला आहे की नाही याची खरी कसोटी ती आहे, टक्केवारी नव्हे. वीस वर्षांनंतरच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मात्र हा प्रयोग इतका सरळ जात नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि न दिलं गेलेलं ते भाषण 1936 साली पुस्तिका म्हणून निघालं. त्यात आंबेडकर आपले कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांचं ऋण नाव घेऊन मान्य करतात, त्यांचा उताराही देतात. पण लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हे त्यातलं गाजलेलं वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत ड्यूईंच्या 1916 सालच्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये आहे, आणि आंबेडकरांच्या भाषणात त्या वाक्यापाशी ड्यूईंचं नाव नाही. अभ्यासकांनी हे उलगडून दाखवलेलं आहे. भाषणाला तळटीप नसते आणि मुरलेला विचार वक्त्याच्या तोंडून आपोआप येतो, हे मला मान्य आहे. आपल्या मुलीला मात्र त्यातून व्यवहाराचा प्रश्न पडतो: तिने ते वाक्य कुणाच्या नावावर द्यायचं? दोघांच्या. आंबेडकरांनी ते जातिव्यवस्थेला कसं लावलं हे आंबेडकरांचं, आणि शब्द मुळात ड्यूईंचे. एवढं सांगितल्याने आंबेडकर लहान होत नाहीत. त्यांनी त्या विचाराचं केलेलं काम उलट स्पष्ट दिसतं.

तिसरं उदाहरण 'द बुद्ध अँड हिज धम्म'चं. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली निघालेल्या त्या ग्रंथात संदर्भ जवळपास नव्हतेच. सामान्य माणसाने सलग वाचावा असा तो ग्रंथ आहे. मग भदंत आनंद कौसल्यायनांनी हिंदी अनुवाद करताना पाली ग्रंथांतली मूळ स्थळं हुडकून काढली. पुढे महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेत पाली आणि इतर संदर्भांची स्वतंत्र पुरवणीच काढावी लागली. लेखकाने न दिलेला संदर्भ नंतर कुणाला तरी शोधावाच लागतो, आणि त्यासाठी कौसल्यायनांसारखा पालीचा जाणकार दर वेळी मिळत नाही.

आता मुलीच्या वहीकडे वळू. दुसऱ्याचं म्हणणं इंग्रजीत आणायच्या दोनच सरळ वाटा आहेत. जसंच्या तसं घ्यायचं तर अवतरणचिन्हं आणि पानाचा आकडा. उतारा मोठा असेल तर, एपीए पद्धतीत चाळीस शब्दांपासून पुढे, तो समासापासून आत घेऊन वेगळा छापायचा आणि अवतरणचिन्हं काढून टाकायची. नाहीतर आशय आपल्या शब्दांत सांगायचा, आणि तरीही नाव द्यायचं. गोंधळ होतो तो या दोहोंच्या मधल्या दलदलीत: वाक्य दुसऱ्याचं, पण चार शब्द बदललेले. 'इम्पॉर्टंट'चं 'सिग्निफिकंट' केलं, कर्तरीचं कर्मणी केलं, झालं आपलं. हे दोन्हीकडून नापास आहे, कारण अवतरण म्हणून ते खोटं आणि स्वतःचं म्हणूनही खोटं.

शब्द बदलून देणारी यंत्रं निघाल्यापासून या दलदलीत भलतीच पिकं आली आहेत. 2021 साली गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव यांनी छापील शोधनिबंधांतली अशी पिळवटलेली शब्दरूपं गोळा केली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट शुद्ध. 'ब्रेस्ट कॅन्सर'चा 'बुझम पेरिल', छातीवरचं संकट. 'सिग्नल टू नॉइज'चं 'फ्लॅग टू क्लॅमर', निशाण आणि गलका. साम्य शून्य टक्के, अर्थही शून्य. आशय स्वतःच्या शब्दांत मांडण्याची जुनी रीतच अजून चांगली: पान वाचावं, पुस्तक मिटावं, शेजारच्या मैत्रिणीला मराठीत सांगावं आणि मग इंग्रजीत लिहावं. दोन भाषा येत असल्याचा हा फायदा आहे. इंग्रजी वाक्याची मूळ ठेवण मराठीतून जाताना मोडतेच, आणि परत येते ती आपली होऊन.

इंग्रजीत आणखी एक सोय आहे, जी आपली मुलं फारशी वापरत नाहीत. सगळीकडे 'अकॉर्डिंग टू' नाहीतर 'सेज'. पण 'आर्ग्यूज', 'क्लेम्स', 'पॉइंट्स आउट', 'कन्सीड्स' या प्रत्येक क्रियापदातून लिहिणाऱ्याचं त्या म्हणण्याबद्दलचं मत कळतं. 'पॉइंट्स आउट' लिहिलं की मी ते खरं मानते. 'क्लेम्स' लिहिलं की मला शंका आहे. आणि परिच्छेदाच्या अगदी शेवटी कंसात एक नाव टाकून देण्याची सवय मोडावी. आठ वाक्यांच्या शेवटी एक नाव आलं तर त्यांपैकी किती त्या माणसाची, हे वाचकाला कसं कळणार? नाव आरंभीच घ्यावं, आणि स्वतःचं म्हणणं सुरू झालं की तसं कळेल असं वाक्य लिहावं.

सगळ्यालाच संदर्भ लागतो असंही नाही. समर्थ रामदासांचा जन्म 1608 साली जांबेत झाला; जांब तीर्थपुरीच्याच घनसावंगी तालुक्यात. याला तळटीप कशाला? पण रामदास आणि शिवाजी महाराज यांची भेट 1649 साली झाली असं लिहिलं, तर लगेच संदर्भ हवा, कारण 1672 च्या आधी ते भेटलेच नव्हते असं मानणाऱ्या इतिहासकारांची फळी उभी आहे. सर्वांना ठाऊक काय आणि वादाचं काय, हे वाचक कोण आहे यावरही ठरतं. मोसंबीचा आंबिया बहार कधी धरतात हे तीर्थपुरीत विचारलं तर लोक हसतील. चेन्नईच्या वाचकाला ते सांगावं लागेल आणि कशावरून हेही सांगावं लागेल.

गावाच्या नोंदी शोधताना तिला आणखी एक अडचण येईल. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. त्याआधीच्या जनगणनेत तीर्थपुरी हवी असेल तर औरंगाबाद जिल्ह्याच्या पुस्तिकेत अंबड तालुका उघडायचा. त्याहून मागे जायचं तर निजाम सरकारचं 1884 सालचं इंग्रजी औरंगाबाद गॅझेटिअर आहे. शहराचं नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे, पण जुन्या पुस्तकाचा संदर्भ देताना त्यावर छापलेलं नावच द्यावं. तेच नाव ग्रंथालयाच्या कपाटात आहे. विद्यापीठाचंही तसंच. 1994 च्या नामविस्तारापूर्वीचा प्रबंध मराठवाडा विद्यापीठाचाच. 'कास्ट्स इन इंडिया' तिने शासनाच्या 1979 च्या पहिल्या खंडात वाचलं असेल, तर पानाचा आकडा त्या खंडाचा द्यायचा आणि मूळ वर्ष 1917 हेही सांगायचं. रिस्लेचं म्हणणं तिथेच वाचलं असेल तर तसं कबूल करायचं. रिस्लेचं पुस्तक न उघडता ते सूचीत घालणं ही सभ्य माणसांतली फार पसरलेली लबाडी आहे.

मराठी पुस्तक इंग्रजी सूचीत घालताना त्याचं नाव रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात अर्थ द्यावा. आधी आडनाव, पण म्हाइंभट किंवा ज्ञानेश्वर यांना आडनाव शोधत बसू नये. कुसुमाग्रज हे पुस्तकावर असेल तर शिरवाडकर करू नये. स्वल्पविराम कुठे आणि तिरपी अक्षरं कुठे, यावर मात्र इतकं रडण्यासारखं काही नाही. लेखकाचं नाव आणि साल कंसात देण्याची पद्धत हार्वर्डच्या एडवर्ड मार्क या प्राणिशास्त्रज्ञाने 1881 साली गोगलगायीवरच्या निबंधात वापरली आणि पुढे ती हार्वर्डच्या नावाने रूढ झाली. एमएलए, एपीए, शिकागो यांचे नियम दर काही वर्षांनी बदलतात. एक पद्धत धरावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी.

सूची करून देण्याचं काम आता चॅटजीपीटीसारख्या यंत्राला सांगता येतं. 2023 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी असंच केलं. विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी दिलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. त्या निवाड्यांना पक्षकारांची नावं होती, क्रमांक होते, रूप अगदी बिनचूक होतं. स्वरूप तपासणाऱ्या परीक्षकाने त्यांना पैकीच्या पैकी दिले असते.

राहिली गावातली माणसं. कालवा येण्याआधी पाणी कुठून भरायचे हे सांगणाऱ्या आजी कुठल्याच सूचीत नाहीत, आणि प्रोजेक्टमधली सर्वांत नवी माहिती त्यांच्याकडेच आहे. त्यांचं नाव द्यायचं का हे त्यांना विचारावं. नको म्हणाल्या तर वय आणि गाव पुरे. मुलाखतीची तारीख लिहावी. एपीएत अशी बोलणी फक्त मजकुरात नोंदवतात, एमएलएत सूचीतही येतात. आजींनी मराठीत सांगितलं आणि इंग्रजी मुलीने केलं, हेही एकदा स्पष्ट लिहावं. आणि शेजारच्या आजोबांनी त्याच विहिरीबद्दल नेमकं उलट सांगितलं, तर दोन्ही लिहावं, कोण काय म्हणालं ते धरून. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या शिष्यांना भेटून गोळा केल्या. त्या 'लीळाचरित्रा'च्या परंपरेत जिथे आठवणी जुळत नाहीत, तिथे वेगळा पाठ वेगळा म्हणूनच नोंदलेला सापडतो.